रंग जुळवायला बसवलेली बाई

माय,

मागच्या आठवड्यात एक जपानी मुलगी माझ्याकडे आली होती. प्रतापनगरातलं आमचं घर तिनं विचारत विचारत शोधलं. आधी ती आपल्या जुन्या वस्तीत गेली, तिथं कोणीतरी तिला सांगितलं की त्या बाईची पोरगी आता तिकडं राहते, सरकारी ऑफिसात आहे. ही मुलगी तिच्या देशातल्या विद्यापीठात शिकते, नागपूरच्या दीक्षा घेतलेल्या लोकांवर काही लिहिते आहे. हिंदी बरी बोलते, मराठी जपून बोलते. तिनं पिशवीतून व्हिडिओ कॅसेट काढली आणि विचारलं, खापरखेड्याला राखेत सिनेमाचं शूटिंग झालं होतं, त्यातल्या एका बाईची मुलगी तुम्हीच का. मी हो म्हटलं. तिला बसवलं आणि चहा ठेवायला आत गेले, आणि साखरेचा डबा हातात घेऊन ओट्याशी नुसती उभी राहिले. मला काही वाटत नव्हतं. वाटायला हवं, एवढं फक्त कळत होतं.

तुला जाऊन इतकी वर्षं झाली की आता मी तुझ्याशी मनातसुद्धा बोलत नाही. सुरुवातीला बोलायची, भाजी चिरताना, बसची वाट पाहताना. मग ते कधी थांबलं ते लक्षातही आलं नाही. आज लिहायला बसले ती त्या मुलीनं विचारलेल्या एका प्रश्नामुळे. पण तो सांगायचा तर आधी तो हिवाळा सांगावा लागेल. तुला तो माहीत आहे, पण तुझ्या बाजूनं माहीत आहे. माझ्या बाजूचं आपण कधी बोललोच नाही.

कापडगिरणीतून बायकांना कमी केलं, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. तू घरी बसून विड्या वळायला लागली होतीस आणि तुझा खोकला गिरणी सुटूनही सुटला नव्हता. मी सिव्हिल लाइन्समध्ये स्टेनो म्हणून नुकतीच लागले होते. सकाळी तू मला भाकरी बांधून देत होतीस आणि मी पॉलिश केलेल्या चपला घालून, वस्तीतल्या चिखलातून पाय वाचवत बसस्टॉपवर जात होते. त्या दिवसांत एक मजुरांचा ठेकेदार वस्तीत आला, त्याच्यासोबत मुंबईचा एक माणूस. सफारी घातलेला, हातात रुमाल. जपानी लोक भुताचा सिनेमा काढायला आले आहेत आणि त्यांना बायका पाहिजेत, असं त्यानं हिंदीत सांगितलं. सगळ्या बायका विहाराच्या पारावर जमल्या. तो एकेकीचं तोंड बघत फिरला आणि ठेकेदाराला म्हणाला, चेहरा ऐसा चाहिए की मेकअप ही न लगे. तू हसलीस. मी ऑफिसातून आले तेव्हा तू मला हे सांगताना परत हसलीस, त्याचा रुमाल धरण्याचा ढंग करून दाखवलास. मला हसू आलं नाही, पण तुझ्यासमोर मी तसं दाखवलं नाही.

वस्तीत त्यावरून थोडी बोलाचाली झाली. विहारात वंदना घेणारे आपले म्हातारे काका, ज्यांना सगळे मान देत, ते आपल्या दारात येऊन बसले. म्हणाले, दीक्षा घेतली, देव-देवी, भूत-खेत सगळं सोडलं, आता आपल्याच बाया भुतं होऊन नाचणार काय. तू त्यांना पाणी दिलंस आणि म्हणालीस, "भूत नाही म्हणून तं जाऊन राहिलो काका. असतं तं भ्यालो नसतो का?" काकांनी पाणी पिऊन भांडं खाली ठेवलं. मग रोजी काय देतात ते विचारून उठून गेले. दुसऱ्या दिवशीपासून ट्रक येऊ लागला. तुम्ही सगळ्या मागे उभ्या राहून, पदर तोंडावर ओढून, कोराडीच्या रस्त्यानं खापरखेड्याला जायचात.

मी पहिल्यांदा तिथं गेले ती रविवारी, तुझ्याच सांगण्यावरून. इंग्रजी येणारी पोरगी आहे, हे तुला त्या लोकांना दाखवायचं होतं असं मला वाटतं. वीजकेंद्राची राख टाकून टाकून तिथं एक मोठं मैदान झालं होतं, वरून कोरडं, फुटलेल्या पापडासारखं, आणि पाय टाकला की घोट्यापर्यंत आत जाणारं. सगळं करडं. झाडं नाहीत, लांब चिमण्या आणि त्यांच्यातून निघणारा धूर. जपानी दिग्दर्शकाला म्हणे ती जागाच हवी होती, त्यासाठी ते इतक्या लांब आले होते. गोष्ट अशी होती की एक जपानी इंजिनिअर इथं कारखाना बांधायला येतो, त्या जमिनीवर एका बाईचं घर असतं, ते पाडतात, ती मरते आणि मग राखेतून चालत येते. तुम्ही बाकीच्या बायका तिच्या मागून राखेतून उठायच्या. तुमच्या अंगावर जुनी लुगडी होती, केस मोकळे, आणि तुम्हाला राखेत झोपवून वरून आणखी राख टाकली जात होती. शेजारची काकू राखेतून डोकं वर काढून मला म्हणाली, बस मिळाली का वं बाई. मी हो म्हटलं.

ते भूत मात्र तुमच्यापैकी कोणी नव्हतं. तिच्यासाठी जपानहून नटी आली होती. एका तंबूत तिला खुर्चीवर बसवायचे आणि मेकअपवाला तिच्या तोंडाला, मानेला, हातांना तपकिरी रंग लावायचा. आणि तुझं काम, माय, ते तू मला घरी कधी नीट सांगितलंच नव्हतंस. तू म्हणायचीस, मले तंबूत सावलीत बसवतात, राखेत झोपा लागत नाही, माहं बरं आहे. ते खरं होतं. तुला तिच्या शेजारी स्टुलावर बसवलं होतं. मेकअपवाला रंग कालवायचा, मग तुझा हात उचलायचा, तुझ्या मनगटाजवळ रंगाची काडी धरायचा, परत रंगात थोडं काळं घालायचा, परत तुझा हात धरायचा. तुझ्या कातडीशी जुळलं की तो रंग तिच्या तोंडावर जायचा. दुरून पाठमोरं चालायचं असलं की तुला तिचं लुगडं नेसवून राखेतून चालवायचे, कारण तिला अनवाणी चालता येत नव्हतं. जवळून तोंड दाखवायचं असलं की ती. मी तंबूच्या दाराशी डबा घेऊन उभी राहून हे पाहत होते. तुझा हात त्या माणसाच्या हातात एखाद्या कापडाच्या नमुन्यासारखा पडलेला होता, आणि तू बाहेर बघत होतीस. मला तेव्हा राग आला असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. खरं तर अंगातून काहीतरी निघून गेल्यासारखं झालं, ऑफिसात साहेब बोलायला लागले की होतं तसं, हात आपोआप लिहीत राहतो आणि आपण कुठंच नसतो.

नटी वाईट नव्हती. तू तिच्याबद्दल चांगलंच बोलायचीस. तिला बसून बसून कंटाळा आला की ती तुझा हात घेऊन स्वतःच्या हाताशेजारी ठेवायची, रंगवलेला आणि खरा, आणि मान खाली घालायची. तू तिला एकदा विडी वळून दाखवली होतीस.

त्या सगळ्यांत एक जपानी बाई होती, जिला तुम्ही कॅमेरावाली म्हणत होता. तिचं काम खरं म्हणजे कुठल्या दृश्यात कोणाचा पदर कुठल्या खांद्यावर होता याची टिपणं ठेवणं. पण सिनेमा कसा बनतो याची एक वेगळी छोटी फिल्म टीव्हीसाठी करायची होती, आणि त्यात कोणाला रस नव्हता म्हणून छोटा कॅमेरा तिच्या हाती देऊन टाकला होता. त्या सगळ्या पुरुषांमध्ये नटी सोडली तर ती एकटीच बाई. दुपारच्या जेवणात पुरुष मोठ्या कॅमेऱ्याभोवती बसायचे आणि ही तुमच्या घोळक्याजवळ येऊन, राखेत मांडी घालून, तुमच्या डब्यांचे फोटो काढल्यासारखं चित्रण करायची. त्या रविवारी ती तंबूत आली. तिच्यासोबत एक जपानी पोरगा होता, खांद्याला टेपची पेटी, त्याला थोडं इंग्रजी येत होतं. आणि मुंबईचा मॅनेजर. तिनं काहीतरी विचारलं, पोरानं ते इंग्रजीत मॅनेजरला सांगितलं, मॅनेजरनं हिंदीत तुला. पूछ रही है, भूत बनके कैसा लगता है.

 तू आधी पदर नीट केलास. मग आपल्या बोलीत, त्या बाईकडेच बघत, म्हणालीस, "भूत बनाचं मले नवं नाही. गावात होतो तं आमची सावली पडली का लोक आंघोळ करत. दीक्षा घेतली अन् माणसात आलो. आता तुमी रोजीनं भूत करता, करा, काम आहे. पन मले एक सांगा. माहा हात धरून तिच्या तोंडाले रंग लावता, तं माह्या तोंडाले काय झालं? मी इथंच बसून आहो ना."

मॅनेजरनं ते हसत हसत ऐकलं आणि इंग्रजीत सांगितलं की बाई फार खूश आहे, तिला लहानपणापासून भुताची भीती वाटते, पण तुमच्यासारखे मोठे लोक सोबत असल्यामुळे आता वाटत नाही. तो पोरगा मान डोलावून जपानीत सांगायला लागला. मी दारातून पुढे झाले. मी म्हटलं, ती असं म्हणाली नाही. मला ऑफिसातल्या पत्रांचंच इंग्रजी येत होतं, त्यामुळे माझी सुरुवात, सदर बाई असं नमूद करते की, अशा थाटाची झाली. पण मी सगळं सांगितलं, सावलीचं, आंघोळीचं, रंगाचं.  पोरानं बाहेर लांब उभ्या असलेल्या दिग्दर्शकाकडे एकदा पाहिलं आणि मग खालच्या आवाजात जपानीत थोडंसं काही सांगितलं. त्या बाईनं कॅमेरा खाली केला नाही. नटी आरशात बघत होती आणि मेकअपवाला रंगाची काडी हातात धरून थांबला होता. मग नटीनं टेबलावरचं ओलं कापड घेतलं आणि गालावरून एकदा पुसलं. एवढाच भाग पांढरा झाला. दिग्दर्शकाचा माणूस आला तेव्हा तो परत रंगवला गेला.

संध्याकाळी ट्रकजवळ मॅनेजर माझ्याशी फार सभ्यपणे बोलला. कल से आपकी माताजी को तकलीफ़ नहीं देंगे, म्हणाला. माताजीला नाही आणि बाकी बायकांनाही नाही. दुसऱ्या वस्तीतून नव्या आणणार होते, ज्यांच्या पोरींना इंग्रजी येत नाही. ट्रकमध्ये मीही मागे त्यांच्यातच उभी होते. केसांत, पापण्यांत राख होती, कोण रागावलं आहे हे चेहऱ्यावरून कळत नव्हतं. वस्तीत उतरल्यावर शेजारची काकू तेवढी म्हणाली, तुह्या इंग्रजीनं आमची रोजी नेली वं पोरी. ती ओरडली नाही, थकलेल्या माणसासारखं बोलली, आणि घरात गेली.

मला वाटलं होतं घरी गेल्यावर तू काहीतरी चांगलं म्हणशील. तू चूल पेटवलीस, हातपाय धुतलेस, माझ्यापुढे ताट ठेवलंस आणि मग विचारलंस, "तू काहून बोलली?" मी म्हटलं, तो खोटं सांगत होता. तू म्हणालीस, "थो खोटं बोलून राहिला ते मले समजलं नाही काय? मी एवढी बोलली अन् त्यानं एवढुसं सांगितलं, इंग्रजी नाही आलं तरी हे तं दिसते ना." मी म्हटलं, मग? "मंग मी पुन्हा बोलली असती. तिले समजेपरेंत बोलली असती. थे बाई माह्याकडं पाहून राहिली होती. माहं मीच बोलून राहिली होती, तू मधात आली." मी जेवले नाही. तू आग्रह केला नाहीस. ते बोलणं मला तेव्हा अन्यायाचं वाटलं आणि आजही पूर्ण पटलं आहे असं नाही. पण तेव्हापासून कोणासाठी बोलायची वेळ आली की मी मागे सरते. ऑफिसात लोक मला शांत स्वभावाची म्हणतात. आपल्या लोकांच्या सभेत मला दोनदा भाषणाला उभं केलं, मी आभार मानून खाली बसले.

सकाळी तू एकटी ठेकेदाराच्या घरी गेलीस. काय बोललीस ते मला काकूकडून नंतर कळलं. तू त्याला सांगितलंस की बोलली ते मी बोलली, बाकीच्या बाया तं राखेत झोपून होत्या, त्याहिले परत घ्या. त्यानं घेतलं. तुला सोडून सगळ्यांना. दुसऱ्या दिवशी ट्रक आला, भरून गेला, आणि तू दारात विड्या वळत बसलीस. नळावर काही दिवस कोणी आपल्याशी नीट बोललं नाही, मग काम सुरू राहिलं तसं बोलायला लागले. काकू संध्याकाळी येऊन बातम्या सांगायची. आता तंबूत दुसऱ्या कोणाला तरी बसवतात, ती तुह्यापेक्षा उजळ आहे, म्हणाली. तू पान कापता कापता म्हणालीस, मंग भूत मधातच गोरं होऊन जाईन. काकू इतकी हसली की तिला ठसका लागला. मीही हसले त्या दिवशी.

शूटिंग संपायच्या आधी, एका सुट्टीच्या दिवशी, कॅमेरावाली आपल्या घरी आली. एकटी, सायकल रिक्षानं, कॅमेरा चादरीत गुंडाळून. टेपची पेटी नव्हती, पोरगाही नव्हता. वस्तीतली सगळी लेकरं दारात. तिला इंग्रजीचे मोजके शब्द येत होते आणि मला भाषांतर करायचं नव्हतं, म्हणून मी कोपऱ्यात उभी राहिले. भाषांतराची गरज पडली नाही. तू मडकं उपडं ठेवून खाली जाळ केला होतास आणि लांब रोट्या करत होतीस, काकांच्या नातीच्या बारशाच्या. पातळ कणकेचा गोळा उचलून, एका हातावरून दुसऱ्या हातावर झुलवत, कोपरापर्यंत ताणत नेऊन तू तो मडक्यावर पसरायचीस. पातळ, पांढरा, पलीकडचं दिसेल असा. ती बाई तुझ्यासमोर जमिनीवर बसली आणि कॅमेरा चालू करून बसूनच राहिली. फिल्म संपली की पिशवीत हात घालून नवी घालायची. तू एकदाही कॅमेऱ्याकडे पाहिलं नाहीस. मग तू तिला बोटानं जवळ बोलावलंस, तिचे हात धुवायला लावलेस आणि कणकेचा गोळा तिच्या हातावर टाकलास. तो तिच्या कोपरावरून ओघळून चुलीत पडला. तुम्ही दोघी खूप हसलात. जाताना ती तुला एक पातळ सुती पंचा देऊन गेली, निळ्या नक्षीचा, नटीनं दिला म्हणून. तू त्यात त्याच दिवशी रोट्या गुंडाळून काकांकडे पाठवल्यास. तो परत आला नाही, आणि तू मागितला नाहीस.

तो सिनेमा इकडं कधी लागलाच नाही. तू कधी कधी विचारायचीस, लागला काय वं, आपल्या सदर बाजारातल्या टॉकीजच्या डोअरकीपरलासुद्धा विचारून आली होतीस. पुढच्या हिवाळ्यात खोकला वाढला, त्याच्या पुढच्यात तू मेडिकलच्या वॉर्डात होतीस. डॉक्टर म्हणाले, छातीत कापसाची धूळ बसली आहे. तू गेलीस त्या सकाळी मी तुझ्या पायांवरची चादर सारखी केली, खाली जाऊन ऑफिसात फोन केला, रजेचा अर्ज मागाहून देईन म्हणून सांगितलं. रडले नाही. लोकांना वाटलं शिकलेली आहे म्हणून धीराची आहे. मी वाट पाहत होते की रडू येईल. नंतर वाट पाहणंही सुटलं.

आता ती कॅसेट. सदरच्या दुकानातून मी व्हीसीआर भाड्यानं आणला. त्या दिवशी माझी रजा होती, हे ऑफिसात होते, मुलं शाळेत. त्या मुलीनं पडदे ओढले. सिनेमा नव्हता, ती छोटी फिल्म होती, टीव्हीवर दाखवलेली. बराच वेळ पुरुषच होते, टोप्या घातलेले, राख उडवायचं यंत्र लावणारे, दिग्दर्शक हात हलवून सांगणारा. ती मुलगी मला थोडं थोडं हिंदीत सांगत होती. राखेतून उठणाऱ्या बायका दिसल्या तेव्हा जपानी निवेदक म्हणतो आहे, इथल्या लोकांनी आनंदानं भाग घेतला. काकू दिसली, तीही आता नाही. मुलगी म्हणाली, जपानात हा सिनेमा बघणारे लोक एका गोष्टीवरून चेष्टा करतात, भुताचा रंग अर्ध्यात फिका होतो. मी तिला त्याचं कारण सांगितलं. तिनं वही काढली आणि लिहून घेतलं.

मग तंबू आला. स्टुलावर तू. पदर नीट करतेस. बोलायला लागतेस, पहिले काही शब्द ऐकू येतात आणि त्यांच्यावर एका जपानी पुरुषाचा आवाज चढतो. तुझे ओठ हलत राहतात. तो काय म्हणतो ते तिनं सांगितलं: मला लहानपणापासून भुताची भीती वाटते, पण आता खूप आनंद होतो आहे. मॅनेजरचंच सगळं. मी पुढे आले तो भाग नाही, नटीनं गाल पुसला तो नाही. तुझं तोंड बंद होतं आणि लगेच दिग्दर्शक दिसतो. मुलगी म्हणाली, मी थोडं मराठी शिकल्यावर मला कळलं की खालचं बोलणं वेगळं आहे. पण पुढचं ऐकू येत नाही. म्हणून मी तुम्हाला शोधलं. ह्या काय म्हणत होत्या?

हा तो प्रश्न. माय, तेव्हाही मी आधी मागेच सरणार होते. मी तिला हिंदीत सांगितलं नाही, इंग्रजीतही नाही. तुझ्या बोलीत, तू बोललीस तसं, सावकाश सांगितलं, आणि तिनं ते देवनागरीत लिहून घेतलं, कुठं अडलं तर मला विचारून. तुझ्या वाक्याला मी वर-खाली काही लावलं नाही. शेवटचं वाक्य मात्र तुझंच आहे की इतकी वर्षं मनात घोळवून माझं झालं आहे, याची मला खात्री नाही, हेही तिला लिहायला सांगितलं. तिनं तसंच लिहिलं. ती म्हणाली, तिच्या पुस्तकात ते तुझ्या नावानं छापेल. मी नाव सांगितलं, तिनं ते दोनदा म्हणून पाहिलं. तिसऱ्यांदा बरोबर आलं.

कॅमेरावाली जिवंत आहे. ती कंपनी तिनं पुढं सोडली. आपल्या वस्तीतल्या घरी काढलेल्या फिल्म तिनं स्वतःजवळ ठेवल्या होत्या, कोणाला दिल्या नाहीत, त्या मुलीला मात्र उतरवून घेऊ दिल्या. कॅसेटच्या शेवटी त्या आहेत, बिनआवाजाच्या. तू रोट्या करतेस, एकामागून एक, काही घडत नाही. मध्येच त्या बाईचे ओले हात येतात आणि कणीक चुलीत पडते. मी कोपऱ्यात उभी आहे, फक्त साडीची किनार दिसते. मुलगी डोळे पुसत होती. मी तिला पाणी आणून दिलं, तिला भूक लागली असेल म्हणून पोहे केले, ती जाईपर्यंत नीट बोलत राहिले. तिला बसमध्ये बसवून आले आणि व्हीसीआर दुकानात पोचवला.

जाताना तिनं विचारलं होतं, इतक्या वर्षांनी आईचा आवाज ऐकून कसं वाटलं. मी म्हटलं, ऐकताक्षणी ओळखला. ते खरं नाही. तंबूतल्या त्या पहिल्या शब्दांना मला वाटलं काकूच बोलते आहे, आणि पडद्यावर तिला शोधत होते. तुझे ओठ हलताना दिसले तेव्हा मला कळलं की तो आवाज तुझा आहे. हे त्या मुलीला सांगणं जमलं नाही. तुला सांगते आहे, कारण तुझ्यापर्यंत ते जाणार नाही.